गोव्यात मिश्र थराची उंची किनाऱ्यावर आणि घाटाच्या पायथ्याशी वेगळी का, आणि ती काढायची कशी?

घाटाच्या पायथ्याशी असलेल्या सांगे तालुक्यातल्या एका जागेच्या प्रदूषण-अहवालासाठी पणजीच्या नोंदींवरून काढलेली मिश्र थराची उंची (मिक्सिंग हाइट) लावली तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. सकाळच्या फुग्याची नोंद, म्हणजे हवामानाच्या फुग्याने वर जाताना मोजलेलं उंचीगणिक तापमान आणि ओलावा, पणजीची चालेल. दुपारचं कमाल तापमान मात्र सांग्याचंच हवं. पणजीचा तयार आकडा उचललात तर मार्च-एप्रिलमध्ये उंची निम्म्याहून कमी येऊ शकते.

जमीन तापली की हवेचे गोळे वर चढतात, खालची-वरची हवा घुसळली जाते आणि धूर, धूळ, ओलावा त्या थरात जवळपास सारखा पसरतो. हाच मिश्र थर. थराच्या डोक्यावर उबदार हवेचं झाकण, म्हणजे इन्व्हर्जन असतं. झाकण किती वर ढकललं जाईल हे जमिनीतून मिळणाऱ्या उष्णतेवर ठरतं, आणि गोव्यात ती पावलापावलाला बदलते. जांभ्याचा उघडा सडा एप्रिलमध्ये भरपूर उष्णता हवेला देतो. शेजारच्याच खाजनात (खाडीकाठच्या सखल, ओल्या शेतात) किंवा कुळागरात (पाण्यावरच्या सुपारी-नारळाच्या बागेत) तीच ऊन्हाची शक्ती पाण्याची वाफ करण्यात खर्च होते आणि थर बुटका राहतो.

समुद्रावर दिवस-रात्रीचा फरक फारसा नसतो, थर साधारण पाच-सहाशे मीटरच्या आसपास असतो. दुपारी खारे वारे हीच हवा किनाऱ्यावर आणतात. तापलेल्या जमिनीवर आल्यावर तिच्या तळाशी नवा थर शून्यापासून वाढू लागतो. त्याचा ढोबळ हिशोब असा: किनाऱ्यापासूनच्या अंतराचं मीटरमध्ये वर्गमूळ काढा आणि 2 ते 5 मधल्या आकड्याने गुणा. 3 धरला तर 400 मीटरवर 60 मीटर, 4 किलोमीटरवर सुमारे 190, 25 किलोमीटरवर सुमारे 475. अंतर वाऱ्याच्या दिशेने मोजायचं, नकाशावरचं सर्वांत जवळचं नाही. जुवारी नदीच्या रुंद मुखातून वारा आत शिरतो तिथे पाण्यावरचं अंतर धरायचं नाही. किनाऱ्यावर उंच चिमणी असेल तर ही गोष्ट फार महत्त्वाची: धूर सुरुवातीला नव्या थराच्या वर, शांत हवेत सरळ जातो. काही किलोमीटर आत थर त्याच्या उंचीला पोचला की सगळा एकदम खाली घुसळला जातो. चिमणीपाशी मोजमाप स्वच्छ आणि आतल्या वाड्यावर धूर, याचं कारण बहुधा हेच.

आता प्रत्यक्ष पद्धत. पणजीचा फुगा पहाटे 5:30 आणि संध्याकाळी 5:30 च्या वेळेचा मिळतो. पहाटेचा घ्या. प्रत्येक उंचीच्या तापमानात ओलाव्याची भर घालून आभासी तापमान करून घ्या. किलोभर हवेत 20 ग्रॅम ओलावा असेल तर ही भर साडेतीन अंशांहून जास्त असते, आणि वरच्या कोरड्या हवेत एखादाच अंश. ती गाळली तर उंची कमीच येते, आणि गोव्यासारख्या दमट ठिकाणी लोक नेमकं हेच गाळतात. मग जागेवरच्या कमाल आभासी तापमानापासून दर किलोमीटरला 9.8 अंश उतरणारी रेघ ओढा. ती फुग्याच्या रेघेला जिथे छेदते, ती थराची उंची.

समजा फुग्याची आभासी तापमानं 500 मीटरला 29.6, 600 ला 29.5, 1000 ला 28.5 आणि 1500 ला 24.5 आहेत. किनाऱ्यावर कमाल 35 असेल तर छेद साडेपाचशेच्या आसपास. आत 39 असेल तर जवळपास 1400. फरक चार अंशांचा, पण झाकण एकदा फुटलं की वरची हवा सैल असते, म्हणून उंची अडीचपट. कमाल तापमानात अर्ध्या अंशाची चूक झाली तरी झाकणाजवळ उत्तर बरंच हलतं. तेव्हा तापमापक सावलीत, हवेशीर पेटीत आणि जमिनीपासून सव्वा ते दोन मीटरवर हवा. पत्र्याच्या छपरावरचा आकडा बाद समजा.

संध्याकाळच्या फुग्यावर विसंबू नका. तोवर पणजीवर खारे वारे बसलेले असतात, त्यामुळे ती नोंद किनाऱ्याची असते. तुमच्या जागेवरही खारे वारे उशिरा पोचतातच. वारा पश्चिम-वायव्येला फिरतो, दवबिंदू एकदम चढतो, पारा थांबतो. त्या क्षणानंतर सकाळच्या रेघेवरून काढलेली उंची लागू नाही, थर खाली आलेला असतो. तासागणिक उंची हवी असेल तर वाऱ्याची आणि दवबिंदूची नोंद जागेवर ठेवाच.

फेब्रुवारी-मार्चमध्ये पूर्वेचा वारा जोरात असला की दख्खनची कोरडी, उबदार हवा घाटावरून किनाऱ्यावरच्या थरावर पसरते. झाकण घट्ट होतं, खारे वारे उशिरा येतात. अशा दिवशी सरासरीचे आकडे कामाचे नाहीत.

थंडीतल्या रात्री घाटाखालच्या दऱ्यांत गार हवा साचते, थर काही दहा मीटरांवर येतो आणि सकाळी धुकं विरेपर्यंत तसाच राहतो. काजूच्या बागेतला पालापाचोळा पहाटे जाळू नये तो यासाठी. पावसाळ्यात किनारा-आत फरक बराच पुसला जातो. तेव्हा ढगांचा तळ पुरे: तापमान आणि दवबिंदू यांतल्या प्रत्येक अंशाला 125 मीटर. 28 आणि 26 असेल तर 250 मीटर.

हवामानाच्या जागतिक संगणकीय मॉडेलचे आकडे फुकट मिळतात, पण त्यांचा अक्षांश-रेखांशाच्या पाव अंशाचा चौकोन म्हणजे सुमारे 28 किलोमीटर. गोव्याच्या रुंदीत असे जेमतेम दोन-तीन मावतात, त्यातला किनाऱ्याचा अर्धा समुद्रच. शिवाय ती उंची मॉडेलच्या जमिनीपासून असते आणि मॉडेलचा सह्याद्री खऱ्यापेक्षा बसका. घाटालगतच्या चौकोनात बेळगावचं पठारही मिसळतं, जे समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटरवर आहे. अहवालात प्रत्येक उंचीपुढे ‘जमिनीपासून’ की ‘समुद्रसपाटीपासून’ हे लिहा. तपासणारा पहिली शंका तिथेच काढतो.