घरातल्या आजारी माणसाचं करताना स्वतःचं मानसिक आरोग्य कसं जपायचं? विश्रांती घेऊनही थकवा का जात नाही?

तुम्ही लिहिलंय की सासूबाईंना डिमेंशिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, आहे आणि तीन वर्षं सगळं तुम्हीच बघताय. दुपारी त्यांचा डोळा लागला की तुम्हीही पडता, मोबाईलवर ध्यानाचं ॲप लावता, तरी उठताना अंग जड ते जडच. वर पडल्याचं अपराधी वाटतं ते वेगळंच. मी डॉक्टर नाही, पतसंस्थेत कॅशियर आहे. पण वडिलांचा डिमेंशिया आम्ही घरात साडेचार वर्षं काढला, त्या भरवशावर लिहितोय.

वडील एसटीत कंडक्टर होते. जुन्या काळातले, पत्र्याची तिकिटांची पेटी आणि पंच घेऊन फिरणारे. आजार वाढला तसे ते रोज दिवेलागणीला अस्वस्थ व्हायला लागले. हातात नेलकटर घ्यायचे आणि टिकटिक करत या खोलीतून त्या खोलीत. "पुढे सरका, पुढे जागा आहे." सुरुवातीला आम्ही हसायचो, मुलगी तर त्यांच्याकडून तिकीटही काढायची. पुढे ते रात्री तीनला उठायला लागले. पहिली गाडी त्यांची, चुकवून कसं चालेल! डिसेंबरात एकदा बनियनवर चौकापर्यंत गेले होते, दूधवाल्यानं हाताला धरून आणून सोडलं. त्या दिवशी मुलीच्या नाचाच्या घुंगरांतली दोन घुंगरं सोडवून मी दाराच्या कडीला बांधली.

आणि तिथून माझी झोप गेली. म्हणजे मी झोपत होतो. दहाला आडवा, सहाला उठलेला, हिशोबाला आठ तास. पण कान कडीपाशी. फ्रीज थरथरला तरी घुंगरू वाजल्यासारखं वाटायचं. तुमची दुपारची झोप मला अशीच वाटते. ॲपमधला आवाज म्हणत असेल श्वासाकडे लक्ष द्या, पण तुमचं लक्ष पलीकडच्या पलंगाच्या करकरीकडे. अशी झोप दोन तास घ्या नाहीतर आठ तास, ती ड्युटीच असते, फक्त आडवी.

परिणाम काय झाला तेही सांगतो, कारण हे लोक सांगत नाहीत. एका संध्याकाळी कॅश जुळवताना दहा हजार कमी आले. ते पगारातून भरले, त्याचं एवढं काही नाही. पण त्याच आठवड्यात वडील पहाटे कडी सोडेनात म्हणून मी त्यांचं मनगट इतकं दाबून धरलं की सकाळी तिथं निळा डाग होता. त्यांना काही आठवत नव्हतं. "हे कशानं लागलं रे?" म्हणून मलाच विचारत होते.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना मी हे सांगितलं. त्यांनी वडिलांची फाईल मिटली आणि माझ्यापुढे एक कागद सरकवला. झरिट नावाची प्रश्नावली आहे, रुग्णाची काळजी घेणाऱ्यावर किती भार आहे ते मोजणारी. प्रश्न 22, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण 88. 61 च्या पुढे गेलं की भार फार आहे असं धरतात. मला 63 आले. मग त्यांनी बायकोला भरायला सांगितला, तिला 70. मी दिवसा निदान पतसंस्थेत तरी जात होतो, ती चोवीस तास त्यातच होती. आणि तिला हा प्रश्न तोवर कुणी, म्हणजे मीही, विचारला नव्हता.

वडिलांसाठी त्यांनी सोप्या गोष्टी सांगितल्या. सकाळी उन्हात चालवा, दुपारी फार झोपू देऊ नका, संध्याकाळचा चहा बंद. कॉफी-चहातल्या कॅफिनचा अर्धा भाग पाच-सहा तासांनीही अंगात असतो म्हणे. याचा थोडा उपयोग झाला, तुम्हीही करून बघा. आमच्यासाठी मात्र एकच सांगितलं: आठवड्यातून एक रात्र अशी हवी, की कडी वाजली तर उठायची जबाबदारी दुसऱ्याची.

घरी येताना मला वडिलांची नोकरी आठवत होती. त्यांच्या काळी मोटार कामगारांसाठी 1961 चा कायदा होता. दिवसाला आठ तास, आठवड्याला 48, आणि एक दिवस सुट्टी. मुक्कामी गाडी घेऊन गेले तरी दुसऱ्या दिवशी परत आल्यावर ड्युटी दुसऱ्याकडे सोपवून घरी यायचे, कोपऱ्यात पिशवी टाकायचे आणि जे झोपायचे ते झोपायचेच. एकाच कंडक्टरला चार वर्षं बिनसुट्टीची ड्युटी कुठल्या डेपोनं लावली नसती. आपण घरात ती बिनदिक्कत लावतो, तीही बहुतेक वेळा सुनेला.

धाकटा भाऊ चिंचवडला असतो. पैसे पाठवायचा, फोनवर सल्ले द्यायचा. मी कधी काही मागितलंच नव्हतं, फक्त "तुला काय कळणार" असं सुनवायचो. या वेळी तारीख सांगितली. एक आड एक शुक्रवारी रात्री यायचं, रविवारी दुपारी जायचं. मधल्या आठवड्याला रुग्ण सांभाळायला माणसं पुरवणाऱ्या ब्युरोचा माणूस, आमच्याकडे तेव्हा एका रात्रीचे 600 रुपये. ते परवडावेत म्हणून केबल बंद केली.

पहिल्या शुक्रवारी मी मित्राच्या घरी झोपायला गेलो. घरातच राहिलो असतो तर कान बंद झाले नसते. पण झोप कसली, रात्रीतून तीन फोन केले भावाला. दुसऱ्या खेपेला त्यानं फोनच बंद करून ठेवला. चिडलो, शिव्या दिल्या मनात, आणि मग सकाळी साडेनऊला जाग आली. घरी गेलो तर दोघं चहा पीत बसलेले. वडिलांनी मला विचारलं, "ड्युटी बदलली का?" मी हो म्हणालो.

बायकोचं मात्र लवकर जमलं नाही. तिची रात्र मोकळी केली की ती कपाट आवरायला घ्यायची. पुरुषाला सुट्टी दिली की तो झोपतो, बाई दुसरं काम शोधते. शेवटी तिला महिन्यातून दोन दिवस माहेरी पाठवायचं ठरवलं. तिथं आई होती, ताट वाढून हातात देणारी. फेस पॅक, मेणबत्त्या, 'मी टाईम' वगैरे जे चाललेलं असतं त्याला माझा विरोध नाही, करा. पण बाहेरच्या खोलीतून हाक येणार असेल तर त्या फेस पॅकचा काय उपयोग?

अपराधी वाटण्याबद्दल. ते जातं असं मी सांगणार नाही. माझं गेलं नाही. मी ते वाटत असतानाच झोपायला शिकलो.

एक गोष्ट नीट बघा. सलग दोन आठवडे रोजच उदास वाटत असेल, आवडीच्या गोष्टीत मन लागत नसेल, भूक-झोप बिघडली असेल, तर तो नुसता थकवा नसू शकतो. तेव्हा मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. 14416 हा सरकारचा टेलि-मानस क्रमांक आहे, 2022 पासून चालू, फुकट, रात्रीही उचलतात आणि मराठीत बोलता येतं. जगणं नकोसं झाल्याचा विचार एकदाही आला असेल तर हे उत्तर पुढे वाचू नका, आधी तो फोन लावा. सासूबाईंसाठी काही माहिती हवी असेल तर ज्येष्ठांची हेल्पलाईन 14567 आहे.

आता तुमचं. तुम्ही लिहिलंय की नणंद तासाभराच्या अंतरावर राहते आणि "काही लागलं तर सांग" म्हणते. 'काही लागलं तर' याची वाट बघत बसू नका, कारण मग आपण कधीच सांगत नाही. आजच तिला मेसेज करा: "येत्या शनिवारी रात्री नऊपासून रविवारी सकाळी नऊपर्यंत आईंजवळ तुम्ही थांबा, मी घरी नसेन." आणि खरंच बाहेर झोपा. जाताना गोळ्यांच्या वेळा, डायपर कुठं आहेत, आणि रात्री त्या कुणाला हाका मारतात, एवढं एका कागदावर लिहून फ्रीजला लावा. पहिल्यांदा ती काहीतरी चुकवेल. आमच्या भावानं वडिलांना रात्री अडीचला चहा पाजला होता.