मुक्काम नागावला, काम फोर्टात: शेवटच्या बोटीवर विसंबू नका

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि आमचीच गोष्ट कुणीतरी लिहिलीये असं वाटलं. डिसेंबरात पाच दिवस अलिबागजवळ नागावला राहायचं, सोबत सत्तरीपुढची आई आणि आठ वर्षांचा मुलगा. मधले दोन दिवस बोटीने मुंबईला जाऊन आईंच्या पेन्शनचं फोर्टातलं काम उरकायचं, आणि जमलंच तर मुलाला घारापुरी नि राणीबाग दाखवायची. हे झेपेल का, असं तुम्ही विचारलंय.

झेपेल. पण आम्ही केलं तसं करू नका. खोली कशी शोधावी, जेवण घरगुती घ्यावं की बाहेर, हे बाकीच्यांनी सांगितलंच आहे, त्यात मी पडत नाही.

आम्ही 2023 च्या जानेवारीत गेलो होतो. मी, बायको, मुलगी आणि माझे वडील. बाबा तेव्हा शहात्तरचे. आम्ही मिरजेचे. बाबांच्या सेवापुस्तकात नाव ‘दत्तात्रय’ आणि पेन्शनच्या आदेशात ‘दत्तात्रेय’. एका मात्रेपायी थकबाकी अडली होती, आणि त्यासाठी मुंबईच्या मुख्य कार्यालयात खेटे घालायचे होते. मुंबईत लॉजच्या कोंदट खोलीत बाबांना झोप लागत नाही, म्हणून मीच नागाव सुचवलं. नारळी-पोफळीची वाडी, मागे विहीर, रात्री फक्त समुद्राचा आवाज. पहिले दोन दिवस बाबा पडवीत चहाचा कप घेऊन बसायचे ते उन्हं अंगावर येईपर्यंत उठायचे नाहीत. अलिबागची शांतता काय चीज आहे ते तिथल्या चुंबकीय वेधशाळेकडे बघून कळतं. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेतल्या नाजूक चुंबकसुया बिघडतील, म्हणून ते काम 1904 मध्ये अलिबागला हलवलं. तेव्हा तिथे राहण्याचा तुमचा विचार चांगलाच आहे, त्यावर शंका घेऊ नका.

चूक झाली ती मुंबईच्या दिवशी, आणि ती पूर्णपणे माझी होती. ठरवलं असं, की सकाळी बाबा ताजेतवाने असतात तर आधी वस्तुसंग्रहालय बघून घेऊ. गेटवेपासून ते चालत दहा मिनिटांवर. कार्यालय काय, परतीच्या वाटेवरच आहे, दुपारी उरकू. वर तो दिवस शुक्रवार निघाला, त्याचा मी विचारच केला नाही.

खिडकीशी पोचलो तेव्हा दीड वाजला होता. जेवणाची सुट्टी. नियमाने ती अर्ध्या तासाची असते, पण खुर्चीत माणूस आला अडीचला. त्यांनी कागद हातातही न घेता सांगितलं, “चारला या, साहेब बघतील.” बाबांना कुठे नेणार? बाहेरच्या बाकावर बसवलं. बाकाचा एक पाय आखूड होता, कुणी उठलं-बसलं की तो डुगडुगायचा, आणि बाबा प्रत्येक वेळी कागदांची पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरायचे. चार वाजता साहेब मीटिंगला गेलेले. पाच वाजून वीस मिनिटांनी पहिल्या त्याच गृहस्थांनी कागद उलटले आणि म्हणाले, सेवापुस्तकाच्या उताऱ्यावरचा शिक्का पुसट आलाय, जिल्ह्याच्या कार्यालयातून पुन्हा घेऊन या. हे अडीच वाजता अर्ध्या मिनिटात सांगता आलं असतं. त्या कार्यालयाचं नाव मी लिहीत नाही, आणि तिथे चांगली माणसंही असतील. पण एका म्हाताऱ्या माणसाचे तीन तास असे घालवण्याचा हक्क कुणालाही नाही, हे मी आजही तितक्याच रागाने म्हणतो.

तिथून टॅक्सीने गेटवे. बोट डोळ्यासमोर धक्क्याला लागलेली होती. भरलेली. शुक्रवारी संध्याकाळी मुंबईची माणसं शनिवार-रविवारसाठी मांडव्याकडे, म्हणजे अलिबागच्या बाजूच्या धक्क्याकडे निघतात, आणि तीच तुमची परतीची बोट असते. सकाळी तिकीट काढताना मी विचारलं होतं, “संध्याकाळी बोट आहे ना?” उत्तर मिळालं, “आहे.” शेवटची किती वाजता, तिच्यात जागा राहील का, परतीचं तिकीट आत्ताच मिळेल का, यातलं काहीच मी विचारलं नाही. ठरल्यापेक्षा जास्त माणसं ते घेत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

मग बायकोने हळूच विचारलं, “बाबांचं इन्सुलिन?” ते नागावला, आम्ही उतरलो होतो त्या घरच्या काकूंच्या फ्रिजमध्ये. आम्ही रात्रीच्या जेवणाला परत येणारच होतो, म्हणून सोबत घेतलंच नव्हतं. साखर मोजायचं मीटरही तिकडेच. इंजेक्शन न घेता पोटभर जेवता येत नाही, आणि त्या वयात तासन्‌तास उपाशीही ठेवता येत नाही. आमच्या डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी सांगितलं तसं थोडंसं खायला दिलं. सीएसएमटीहून पनवेल लोकल, ऐन गर्दीची वेळ, बाबांना बसायला जागा मिळाली ती वाशीनंतर. पनवेलहून भाड्याची गाडी केली, बत्तीसशे रुपये. वडखळच्या आधी तासभर ट्रकांच्या रांगेत उभे. नागावला पोचलो तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. काकू मऊभात झाकून जाग्या होत्या. बाबा कुणालाच काही बोलले नाहीत, फक्त इंजेक्शन घेताना त्यांचा हात थरथरत होता. पैशांचं मला काही वाटत नाही, तो हात अजून डोळ्यांपुढून जात नाही.

म्हणून तुम्हाला कळकळीने सांगतो. मुंबईला जाण्याचा दिवस मंगळवार किंवा गुरुवार धरा. सोमवारी घारापुरीची लेणी बंद, बुधवारी राणीबाग बंद, शुक्रवारी परतीची बोट भरते, आणि राज्य सरकारची कार्यालयं 2020 पासून शनिवार-रविवार बंद असतात. त्यांची वेळ पावणेदहा ते सव्वासहा आहे. तुम्ही पावणेदहालाच दारात उभ्या असायला हव्यात, म्हणजे पहाटेच नागाव सोडायचं. नागाव ते अलिबाग रिक्षा, तिथून मांडवा वीसेक किलोमीटर, मग तासाभराची बोट, पुढे फोर्ट. दारापासून दारापर्यंत अडीच-तीन तास धरा. मांडवा ते अलिबाग बस बोटीच्या तिकिटातच असते, पण ती बोटीला जोडून सुटते, तेव्हा धक्क्यावर फोटो काढत रेंगाळू नका.

काम आधी, मुंबई नंतर. दुपारी एकपर्यंत काम झालं नाही तर त्या दिवशी ते होणार नाही असं समजा आणि सरळ निघा. अर्ज दिलात तर दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेसह पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. “ठेवून जा, बघतो” याला काही अर्थ नसतो. त्याच वेळी एकच प्रश्न विचारा: “यात अजून काय कमी आहे ते सगळं आत्ताच सांगता का?” मी हे विचारलं असतं तर कदाचित अडीचलाच सुटलो असतो.

परतीसाठी शेवटच्या आधीची बोट हीच आपली शेवटची बोट. हा माझा हट्ट समजा हवं तर. वाऱ्याने किंवा बिघाडाने एखादी फेरी रद्द झाली तरी मागे एक उरते. परतीची जागा सकाळी गेटवेला उतरल्या-उतरल्या पक्की करा. वेळापत्रक ऋतूप्रमाणे बदलतं, म्हणून इथे कुणी दिलेल्या वेळांवर जाऊ नका, माझ्याही नाही. आदल्या दिवशी स्वतः विचारा. पावसाळ्यात तर गेटवेच्या या बोटी बंदच असतात. तुमचा डिसेंबर आहे, ती काळजी नाही.

आणि आईंची औषधं. रात्रीचा आणि दुसऱ्या सकाळचा डोस, मीटर, चष्मा, एक शाल, डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो, हे सगळं पिशवीत, तुम्ही दुपारी परत येणार असलात तरी. नागाव नकाशावर जवळ दिसतं, पण मध्ये समुद्र आहे आणि रस्त्याने आलात तर शंभरेक किलोमीटर. इन्सुलिन असेल तर प्रवासात ते कसं न्यायचं हे आईंच्या डॉक्टरांनाच विचारा. मी डॉक्टर नाही, मी फक्त चुकलेला मुलगा आहे.

घारापुरी आणि कार्यालय एकाच दिवशी नको. एक बोट मांडव्याहून, दुसरी घारापुरीला, दोन्ही परतीच्या, म्हणजे चार बोटी आणि वर सव्वाशेच्या आसपास पायऱ्या. मुलगा हसतखेळत करेल, आईंचे गुडघे करणार नाहीत. घारापुरी दुसऱ्या फेरीत ठेवा, किंवा खरं सांगू का, सोडून द्या. बोटीवर लाइफ जॅकेट देतील ते मुकाट्याने घाला, मुलाचे बंद स्वतः ओढून बघा. 18 डिसेंबर 2024 ला घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि ती बुडाली, माणसं गेली. त्यानंतर या बाबतीत हयगय मला बघवत नाही.

कुणीतरी खाली रो-रोचं, म्हणजे गाड्यांसकट नेणाऱ्या मोठ्या बोटीचं सुचवलंय. ती चांगली आहे, गाडी सोबत असेल तर फारच. 2020 पासून चालू आहे, तीही तासाभरातच पोचते. पण ती गेटवेला नाही, भाऊच्या धक्क्याला लागते, माझगावात. तिथून फोर्टला टॅक्सी करावी लागते. आणि अटल सेतूने गाडी घेऊन जा असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो, की तो 2024 च्या जानेवारीत सुरू झाला, न्हावा शेवा ते शिवडी जोरात जाल, एका फेरीचा 250 रुपये टोलही द्याल, पण त्याआधी अलिबाग-वडखळ-पेण आहेच. सेतूने तो रस्ता काही रुंद होत नाही. ज्येष्ठ माणूस सोबत असेल तर माझं मत बोटीलाच.

दोनदा मुंबई करायचीच असेल तर नागावचा आग्रह धरू नका, असंही मी म्हणेन. आवास, सासवणे, किहीम ही गावं मांडव्याच्या बाजूला आहेत, तितकीच शांत, आणि रोजचा जाऊन-येऊन दीड-दोन तासांचा रस्ता वाचतो. सासवण्याला शिल्पकार करमरकरांचं घर-संग्रहालय आहे. अंगणातली म्हैस बघून तुमचा मुलगा तिला हात लावायला धावेल, इतकी ती जिवंत वाटते. नागावकरांनी राग मानू नये, समुद्रकिनारा म्हणून नागावच मला जास्त आवडतं.

आता ज्याचा मला सगळ्यात जास्त त्रास झाला ते. बाबांचं काम शेवटी मुंबईला न जाता झालं. जिल्ह्याच्या कार्यालयातून ठळक शिक्क्याचा उतारा घेतला, सोबत अर्ज आणि जुन्या पोचची झेरॉक्स जोडली आणि रजिस्टर पोस्टाने पोचपावतीसह पाठवलं. सात आठवड्यांत दुरुस्तीचा आदेश घरी आला. पोस्टाने चालेल का, हे कुणी आम्हाला सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. तेव्हा बोटीचं तिकीट काढण्याआधी आईंच्या कार्यालयाला लेखी विचारा, की त्यांनी प्रत्यक्ष यायलाच हवं का. फक्त हयातीचा दाखला असेल तर तो आता घरबसल्याही देता येतो, ‘जीवन प्रमाण’ 2014 पासून आहे. त्यासाठी त्यांना समुद्र ओलांडायला लावू नका.

प्रत्येक खात्याची पद्धत वेगळी असते, आमचं झालं म्हणून तुमचंही तसंच होईल असं नाही. आईंच्या कागदात नेमकं काय अडलंय, नाव, जन्मतारीख की वारसनोंद, ते इथे लिहा. इथे दोघं-तिघं निवृत्त लेखा विभागातले आहेत, ते नीट सांगतील. पोस्टाने होण्यासारखं निघालं तर दोन्ही दिवस वाचतील. मग एक संध्याकाळ पोपटीला, म्हणजे मडक्यात भाजलेल्या शेंगांना ठेवा. डिसेंबरात वालाच्या शेंगा येतात. भांबुर्डीचा पाला लावून मडकं पेटत्या पेंढ्यात उपडं घालतात. काकूंना एक दिवस आधी सांगावं लागतं.