फोर बाय फोरची बॅटरी घरीच बदलावी का, आणि बदलायची तर मोठी टाकावी का?

प्रश्न असा आहे: डिझेल फोर बाय फोर, बॅटरीला चार वर्षं झालीत, सकाळचा पहिला सेल्फ रडतखडत लागतो, कधी नुसतंच टकटक वाजतं. आता बदलायचीच आहे तर मोठी बॅटरी घेऊन घरीच बसवावी का?

मी मेकॅनिक नाही. पण अशा गाडीची बॅटरी आजवर तीनदा स्वतः बदलली आहे, आणि त्यातली पहिली विनाकारण बदलली.

झालं असं की चिखलपाण्यातून बरीच गाडी फिरवली आणि काही आठवड्यांनी सेल्फ जड झाला. बॅटरी जुनी होतीच, त्यामुळे दुसरा विचारही केला नाही. नवी कोरी आणून बसवली. दोन दिवस झकास, तिसऱ्या सकाळी पुन्हा तेच रडगाणं. दोष निघाला इंजिनापासून चॅसीला जाणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीत. वरून ठणठणीत दिसत होती, बोल्ट सोडला तर खाली नुसता गंज. तो घासून काढला आणि गाडी एका सेल्फला उठली. जुनी बॅटरी तोवर देऊन टाकली होती, ती कदाचित आणखी वर्षभर चालली असती.

म्हणून आधी एक साधा मल्टिमीटर घ्या. गाडी रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी काहीही चालू न करता बॅटरीच्या दोन खुंटांवर व्होल्टेज मोजा. १२.६ किंवा वर असेल तर बॅटरी भरलेली आहे. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. चार्जरवर ठेवूनही आकडा १०.५ च्या आसपासच अडत असेल तर बहुधा सहापैकी एक सेल मेला आहे, पुढे तपासत बसू नका.

बॅटरी भरलेली दिसली तर कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि तेव्हाचा आकडा बघा. फार थंडी नसताना तो ९.६ च्या खाली कोसळत असेल तर बॅटरीच थकली आहे. आकडा १०.५-११ वर टिकतोय आणि तरी सेल्फ जड फिरतोय, तर संशय केबल, अर्थिंग किंवा खुद्द स्टार्टरवर घ्या. अर्थिंग पकडायची युक्ती अशी: मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर (क्लॅम्पवर नाही, खुंटावर), दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर, आणि सेल्फ मारा. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर मधे कुठेतरी गंज किंवा सैल बोल्ट आहे. मला हे तेव्हा माहीत असतं तर!

इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ यायला हवेत. १२.५ वरच रेंगाळत असेल तर ऑल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) बघा, नाहीतर नवी बॅटरीही आठवड्यात झोपेल.

आता मोठी टाकावी का. ट्रेमध्ये नीट बसत असेल आणि बॉनेट लावल्यावर वर मोकळी जागा राहत असेल तर थोडी मोठी चालते. पण डिझेलला सकाळी उचलण्यासाठी ॲम्पिअर-अवरपेक्षा (म्हणजे एकूण साठ्यापेक्षा) सीसीए (कोल्ड क्रँकिंग ॲम्प्स) हा आकडा जास्त महत्त्वाचा. उणे १८ अंश तापमानात बॅटरी ३० सेकंद किती करंट देऊ शकते, ते तो सांगतो. मॅन्युअलमध्ये दिलाय त्यापेक्षा कमी घेऊ नका. खुंटांची डावी-उजवी बाजू जुन्या बॅटरीशी जुळवून पाहा. उलटी आली तर केबल पोहोचत नाही, आणि ओढूनताणून जोडण्यात धोका आहे. गाडीत स्टार्ट-स्टॉप (सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होणं) असेल आणि कंपनीने एजीएम (ॲसिड काचतंतूंच्या थरात शोषलेली बॅटरी) दिली असेल तर एजीएमच घ्या.

माझ्या मते या गाड्यांत ब्रँडपेक्षा बॅटरी आवळणारी पट्टी महत्त्वाची. खराब रस्त्यावर सैल बॅटरी सतत आपटत राहते, प्लेटांवरचा मसाला झडून तळाशी साचतो आणि चांगली बॅटरीही अकाली जाते. हाताने जोर लावून हलवली तर जराही हलता कामा नये. मात्र पाना इतकाही फिरवू नका की डबा तडकेल.

बदलणं अवघड नाही. गाडी सपाटीवर उभी करा, हँडब्रेक ओढा, ट्रान्स्फर केस (ताकद दोन चाकांना की चारही, ते ठरवणारा गिअरबॉक्स) २एच मध्ये, म्हणजे साध्या दोन चाकांच्या स्थितीत ठेवा. न्यूट्रलमध्ये अजिबात नको: तिथे असताना गिअर किंवा ऑटोमॅटिकचा ‘पी’ (पार्क) गाडीला धरून ठेवत नाही. किल्ली काढून खिशात ठेवा, अंगठी-घड्याळ उतरवा. आधी निगेटिव्ह सोडा, मग पॉझिटिव्ह. कारण साधं आहे: निगेटिव्ह जोडलेलं असताना पॉझिटिव्ह सोडायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला, तर थेट शॉर्ट. जोडताना उलट, पॉझिटिव्ह आधी, निगेटिव्ह सगळ्यात शेवटी. क्लॅम्पवरची पांढरी बुरशी खाण्याचा सोडा आणि पाण्याने धुवा, वाळवा, आवळा आणि मग वरून व्हॅसलीन फासा. जुनी बॅटरी उचलताना सरळच धरा, आडवी केली तर आत ॲसिड आहे. ती दुकानदाराला परत द्या, शिसं पुन्हा वापरात जातं.

नंतर काही दिवे पेटले तर घाबरू नका. माझ्या गाडीत ईएसपीचा (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागला होता. स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं, थोडं सरळ चालवलं, गेला. काचांचं एका बटणाने वर जाणं पुन्हा शिकवावं लागतं, घड्याळ लावावं लागतं. काही रेडिओ कोड मागतात, तो आधीच शोधून ठेवा. फोर बाय फोरचा दिवा मात्र लुकलुकतच राहिला तर कुठलीशी पिन सुटली आहे का ते बघा, आणि तोवर लो-रेंजच्या (चढ-चिखलासाठीच्या कमी वेगाच्या गिअरच्या) वाटेला जाऊ नका.

रात्रभर उभ्या गाडीचा आणि सेल्फ मारतानाचा, एवढे दोन आकडे घेऊन कळवा. बॅटरी घ्यायची की अर्थिंग घासायचं, ते लगेच सांगता येईल.