बद्द वाजणारं वाक्य

"मॅडम, वाचते घडाघडा, पण भाव म्हणून नाही बघा."

जून ते ऑक्टोबर या दिवसांत हे वाक्य माझ्या खोलीत आठवड्याला एकदा तरी येतंच. कुणी म्हणतं सपाट वाचतो, कुणी म्हणतं बातम्या दिल्यासारखं वाचते. एका वडिलांनी तर 'गाडी फलाट क्रमांक दोनवर येत आहे' असं वाचतो म्हणून सांगितलं, आणि त्यावर त्यांचा मुलगा फिस्सकन हसला. हसला म्हणजे सूर कळतो, मग काळजी निम्मी. या हंगामाला कारण आहे. 15 ऑक्टोबरला, अब्दुल कलामांच्या जयंतीला, वाचन प्रेरणा दिन असतो. शाळांतून प्रकट वाचनाच्या स्पर्धा लागतात आणि घराघरांत एकाएकी 'भाव' शोधायची धांदल उडते.

मी कुडाळला मुलांची समुपदेशक म्हणून बसते. मूळची घाटावरची, पण इथे येऊन आता सोळा वर्षं झाली. आज जिची गोष्ट सांगते ती चौथीतली, तिला सई म्हणू. ओळखीच्या सगळ्या खुणा बदलल्या आहेत. अनेक भेटी चार-पाच प्रसंगांत बसवल्यात, एवढं आधीच सांगून ठेवते.

आई सांगलीकडची, वडील आखातात नोकरीला. आजी, म्हणजे वडिलांची आई, मालवण तालुक्यात खाडीच्या काठी राहते. शाळेतल्या बाईंनी स्पर्धेसाठी स्वतः एक गोष्ट लिहून दिली होती. दोन भावंडं सुट्टीत गावी जातात, आजीबरोबर ओहोटीला शिंपले वेचायला निघतात, खेळता खेळता पाणी वळतं आणि आजी त्यांना वेळेत काठावर आणते. साधी, बरी गोष्ट. सईला ती मिळाली कारण 'तुझं गाव समुद्राकडचं ना, तुला जमेल'. आणि तिलाच ती जमेना.

"घरी नुसती बडबड करते हो. वाचायला बसवली की आवाजच बदलतो," आई म्हणाली.

सईनं वाचून दाखवलं. एक अक्षर चुकलं नाही. हे मी नेहमी आधी बघते आणि तुम्हीही बघा. मूल जोडाक्षराला अडत असेल, ओळ चुकत असेल, बोट ठेवल्याशिवाय पुढे जात नसेल, तर त्याला भाव शिकवू नका. त्याचं सगळं बळ अक्षरं लावण्यात संपतंय, अर्थाकडे बघायला शिल्लक काही उरत नाही. त्याला सोपा मजकूर हवा, सराव हवा, क्वचित चष्मा हवा. सईचं तसं नव्हतं. "अहाहा! किती सुंदर शिंपले!" हे वाक्य तिनं किराणा मालाच्या यादीतल्या सुरात वाचलं, इतकंच.

पहिल्या दोन भेटींत मी काय केलं, ते लिहायला संकोच वाटतो. जे सगळे करतात तेच केलं. पेन्सिलनं रेघा मारल्या: इथे थांब, इथे आवाज चढव, 'अहाहा'ला डोळे मोठे कर. सई आज्ञाधारक मुलगी. तिनं सगळं केलं. आई खूश झाली, बाहेर बसलेल्या काकूंनीसुद्धा मान डोलावली. मला मात्र ते ऐकताना दाढेखाली खडा आल्यासारखं होत होतं. आपल्याकडच्या कथाकथन स्पर्धांत हा एक ठरावीक सूर असतो. प्रत्येक वाक्याचा शेवट हेलकावत वर न्यायचा, 'खूऽऽप' लांबवायचं, हात पसरायचे. मुलं तो सूर एकमेकांकडून उचलतात आणि परीक्षक त्याला गुण देतात. गोष्ट सशाची असो नाहीतर सैनिकाची, सूर एकच.

तिसऱ्या भेटीच्या दिवशी सईच्या पोटात दुखत होतं. पोटदुखीला मी फार मान देते. लहान मुलांना 'हे मला पटत नाही' असं म्हणायची सोय आपण ठेवत नाही, मग ते काम पोट करतं.

गोष्टीचा कागद मी उलटा ठेवला. "सई, तू गेलीयस का कधी आजीबरोबर?"

"दरवेळी जातो."

"मग या गोष्टीतलं काय खरं वाटत नाही तुला?"

बराच वेळ काही नाही. पंख्याचा आवाज. अशा वेळी गप्प राहणं हेच माझं खरं काम, आणि सोळा वर्षांनीही ते जड जातं. मग ती खाली बघत म्हणाली, "तिथं असं कोण ओरडत नाय, मॅडम."

"कसं?"

"अहाहा करून. आणि ते रंगीत शिंपले कोण घेत नाय. ते रिकामे असतात. आमी तिसऱ्या काढतो." तिसऱ्या म्हणजे वाळूतल्या, खायच्या जिवंत शिंपल्या.

त्यानंतरची वीस मिनिटं ती शिकवत होती आणि मी शिकत होते. आजी तिथी बघून बाहेर पडते. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ निघते. अष्टमीला सहा, अमावास्येला सव्वाअकरा, थोडं इकडेतिकडे. त्यापुढे सहा तासांनी सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, म्हणून काल गेलो त्याच वेळेला आज जाऊन चालत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी सगळ्यात लांब जातं, तेव्हा वाळूची पट्टी उघडी पडते. मग सगळ्या बायका कमरेत वाकतात. ओल्या वाळूवर शेजारी शेजारी दोन बारीक भोकं दिसली की खाली तिसरी आहे असं समजायचं. गुडघाभर पाण्यात असाल तर पायाच्या बोटांनी चाचपायचं. बोलायचं कमी, कारण अर्धं लक्ष हातात आणि अर्धं पाण्यात.

"आणि पाणी वळलं की?"

"आजी सांगते, पाणी फिरला. चला."

हे तिनं ज्या आवाजात सांगितलं तो मला आजही ऐकू येतो. खाली आलेला, कोरडा, घाई नसलेला आणि तरीही नकार ऐकून न घेणारा. माझ्या हातावर काटा आला. बाईंच्या गोष्टीत नेमकं हेच वाक्य होतं: 'पाणी वळलं होतं. आजी म्हणाली, "चला."' मी त्यावर पेन्सिलनं लिहिलं होतं: 'घाबरून, मोठ्याने'.

म्हणजे ती भाव आणत नव्हती असं नाही. जो भाव तिला ठाऊक होता तो आम्ही मागत नव्हतो, आणि जो मागत होतो तो तिच्या लेखी खोटा होता. खोटं बोलायला लागू नये म्हणून ती सपाट वाचत होती. सपाट वाचणाऱ्या मुलांकडे तेव्हापासून मी वेगळ्या नजरेनं बघते. काही मुलं खरंच रिकामी वाचतात, नाही असं नाही. पण काही मुलं प्रामाणिक असतात.

पुढच्या भेटीला ती एका प्लास्टिकच्या पिशवीत मूठभर तिसऱ्या घेऊन आली. रविवारी आजीकडे गेली होती. टेबलावर वर्तमानपत्र पसरून तिनं त्या ओतल्या, दोन उचलून एकमेकींवर आपटल्या. टक्. दुसरी जोडी, टक्. तिसरीला, बद्द.

"ही चिखलाची," ती म्हणाली. "आतलं मेलेलं असतं आणि चिखल भरलेला असतो. वरून कळत नाय. एक जरी कालवणात गेली तरी सगळ्या टोपाची वाट. म्हणून आजी वाजवून घेते."

मी कागद सरळ केला. "मग ही गोष्ट आपण वाजवून घेऊ या का?"

हा त्या सगळ्या भेटींतला माझा एकमेव चांगला प्रश्न, आणि त्याचा मला थोडा अभिमान आहे, तो लपवत नाही. सई एकेक वाक्य वाचायची, दोन शिंपल्या वाजवायची आणि निकाल द्यायची. 'आजीने पदर खोचला.' टक्. 'अहाहा! किती सुंदर शिंपले!' बद्द. आम्ही दोघी हसलो. मग मी म्हटलं, हे वाक्य कोण म्हणतंय बघ. गोष्टीतला भाऊ शहरातला आहे, पहिल्यांदा आलाय. त्याला रिकामे शिंपले सुंदर वाटणारच. सई क्षणभर थांबली आणि तिनं ते वाक्य असं वाचलं, की त्यात त्या पोराचा भाबडेपणाही होता आणि त्याच्याकडे बघणाऱ्या गावच्या मुलीचं बारीकसं हसूही. हे कुणी रेघ मारून शिकवून दाखवावं.

ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला, समुद्राकाठच्या त्या गावात, बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची आणि शिकण्याची साधनं आसपासच्या वस्तूंतून करायची. मी त्या वळणाची. जे हातातून गेलेलं असतं ते तोंडातून नीट येतं, असं मी मानते. माझे काही व्यवसायबंधू याला भोळेपणा म्हणतात. म्हणोत.

आता घरी काय करता येईल ते. खाडी सगळ्यांच्या वाट्याला येत नाही, पण गोष्टीतली एखादी तरी वस्तू घरात सापडतेच. बाजारातून मूठभर तिसऱ्या आणा, मुलाला पाण्यात घालू द्या, वाळू सोडताना बघू द्या, विळीवर उघडताना शेजारी बसवा. शाकाहारी घर असेल तर नुसत्या शिंपल्या चालतील. मग गोष्ट वाचा.

वाचताना मध्येच चूक काढू नका. अनुभवी वाचकाचे डोळे आवाजाच्या दोन-चार शब्द पुढे धावत असतात, म्हणूनच त्याला वाक्य कुठे वळणार ते आधी दिसतं. तुम्ही 'अं हं, परत वाच' म्हणालात की मुलाचे डोळे मागे ओढले जातात, आणि मग ते एकेका शब्दावर पाय रोवून उभं राहतं. वाक्य संपू द्या. फार तर परिच्छेद संपू द्या.

मराठीची एक खोड लक्षात ठेवा. आपलं क्रियापद शेवटी येतं. मुलाचा श्वास वाक्याच्या शेवटी संपतो, आवाज गळतो, आणि नेमकं काय घडलं तेच ऐकणाऱ्यापर्यंत पोचत नाही. 'दूरवर काळ्या खडकांच्या पलीकडे पाणी' इथपर्यंत सगळं खणखणीत, आणि 'वळलं होतं' पोटात. यावर उपाय मोठ्यानं वाचणं हा नाही. श्वास आधी घेणं हा आहे. आणि 'च'कडे बघायला शिकवा. 'आजी आली', 'आजीच आली', 'आजी आलीच': एवढ्याशा अक्षरानं जोर कुठून कुठे सरकतो, याचा खेळ जेवताना होतो, पुस्तक लागत नाही.

तोच मजकूर पुन्हा वाचायला लाज मानू नका. अमेरिकेत वाचनाचे अभ्यासक एस. जे. सॅम्युएल्स यांनी 1979 साली पुन्हा पुन्हा वाचण्याच्या पद्धतीवर लिहिलं, तेव्हापासून तिकडे ही साधी गोष्ट शाळांत रुजली. आपल्याकडच्या पोथी वाचणाऱ्या आज्यांना ती आधीच ठाऊक होती. श्रावणात तोच अध्याय दरवर्षी. पण एकाच बैठकीत दहा वेळा नको. आज एकदा, उद्या एकदा, परवा कुणालातरी. आणि तो 'कुणीतरी' खरा हवा, म्हणजे ज्याच्या हातात पुस्तक नाही असा. आई पुस्तक धरून समोर बसली की मूल तिला गोष्ट सांगत नाही, तपासायला देतं.

बोलीबद्दल पालक हमखास विचारतात. गोष्टीतल्या माणसाच्या तोंडची वाक्यं मुलानं आपल्या घरच्या बोलीत म्हणून बघावीत, मग छापलेल्या भाषेत. सूर बोलीत सापडतो आणि मागाहून प्रमाण भाषेत उतरतो. उलटं होताना मी फारसं पाहिलेलं नाही. सईच्या आईला हे पटायला वेळ लागला. 'मालवणी बोलायला लागली तर?' ही भीती तिनं बोलून दाखवली, आणि खरं तर त्या भीतीसाठी आम्हाला दोन भेटी वेगळ्या लागल्या. नवरा परदेशी, सासू गावी, भाषा परकी. एकट्या बाईला मुलगी तरी आपल्या बोलीची असावी असं वाटलं तर चूक काय? तो विषय वेगळा, पुन्हा कधीतरी.

स्पर्धेत सईचा नंबर आला नाही. परीक्षकांनी शेरा दिला: 'वाचन शुद्ध. आवाज वाढवावा.' आईचा चेहरा उतरला होता. माझाही उतरला, खोटं कशाला बोलू. सईनं मात्र खांदे उडवले आणि म्हणाली, पहिल्या रांगेतला एक मुलगा 'चला'ला उठून उभा राहिला होता.

त्या रात्री तिनं आजीला व्हिडिओ कॉलवर अख्खी गोष्ट वाचून दाखवली. पुढच्या भेटीत मी विचारलं, आजीला आवडली का?

"मन लावून ऐकली," सई म्हणाली. "आणि संपल्यावर विचारते, 'मगे तेंचा केल्यानी काय?' मॅडम, काय रांधलं ते बाईंनी लिहिलंच नाय."