'युरिक ॲसिड झालंय' म्हणजे नेमकं काय झालंय?

कराडच्या एका ताईंनी विचारलंय. त्यांच्या वडिलांचा पायाचा अंगठा रात्रीतून सुजून लाल झाला. डॉक्टरांच्या कागदावर 'गाउट' लिहिलंय, वैद्यांच्या चिठ्ठीवर 'वातरक्त', चोळायच्या तेलाच्या बाटलीवर 'गठिया'. आजी 'संधिवात' म्हणतात आणि शेजारी म्हणतात, "काही नाही, युरिक ॲसिड झालंय." ताईंचा प्रश्न असा, की ही पाच नावं एकाच दुखण्याची आहेत का, आणि मराठीत प्रमाण शब्द कुठला धरायचा?

ही एकाच दुखण्याची पाच नावं नाहीत. आणि प्रमाण शब्द म्हणून मी 'गाउट'च धरीन. रक्तातलं युरिक ॲसिड वाढून सांध्यात त्याचे स्फटिक धरतात, त्यातून उठणारं दुखणं ते गाउट. पण खरा घोळ आजाराच्या नावात नाही. तो आजाराच्या आजूबाजूच्या शब्दांत आहे, आणि मला जास्त बोलायचंय ते त्यांच्याबद्दल.

'संधिवात' ही मोठी छत्री आहे. गुडघे झिजले तरी संधिवात, बोटं वाकडी झाली तरी संधिवात. 'गठिया' हिंदीतून आलाय, आणि हिंदीतही तो बहुतेक वेळा कुठल्याही सांधेदुखीला वापरतात. या दोन्ही शब्दांनी ताईंच्या वडिलांचं दुखणं वेगळं ओळखू येत नाही.

मुळात 'वात' हाच शब्द मराठीत फार पसरलेला आहे. धनुर्वातात तो आहे, आमवातात आहे, तापात बडबडणाऱ्या माणसाला 'वात झालाय' म्हणतात त्यातही आहे. आमच्या सांगलीकडे तर पोटात गुबारा धरला तरी वात आणि कुणी डोकं खाल्लं तरी 'वात आणला'! इतकी कामं करणाऱ्या शब्दाकडून एका विशिष्ट आजाराचं नेमकं नाव होण्याची अपेक्षा करता येत नाही.

'वातरक्त' हा शब्द मात्र आदराने बाजूला ठेवावा असा आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातला २९वा अध्याय याच विकाराचा. तिथे त्याची खुड, वातबलास, आढ्यवात अशी आणखी नावं येतात. आढ्य म्हणजे श्रीमंत, आपल्या 'धनाढ्य'मधला. म्हणजे हे सुखवस्तू माणसाचं दुखणं आहे हे आपल्याकडेही फार पूर्वी कुणाच्या तरी नजरेत भरलं होतं. सुश्रुताने तर म्हटलंय की हा विकार पायाच्या मुळाशी ठाण मांडतो आणि उंदराच्या विषासारखा अंगभर सरकत जातो. वर्णन वाचताना अंगठा डोळ्यांसमोर येतोच. तरी वातरक्ताची व्याप्ती गाउटपेक्षा मोठी आहे. त्यात त्वचेचे रंग बदलणं, जळजळ, जखमा असं बरंच काही येतं. वैद्य 'वातरक्त' लिहितात तेव्हा ते त्यांच्या शास्त्रातली संकल्पना लिहीत असतात. दोन शास्त्रांच्या दोन शब्दांमध्ये बरोबरचं चिन्ह टाकलं तर दोघांवरही अन्याय होतो.

मग 'गाउट'च का? या शब्दाचा अर्थ काही फार शहाणा नाही. लॅटिन 'गुट्टा' म्हणजे थेंब. शरीरातला दूषित रस थेंबाथेंबाने सांध्यात झिरपतो अशी युरोपातली जुनी समजूत होती, तिच्यावरून हे नाव पडलं. समजूत गेली, नाव राहिलं. पण नावाचं काम अर्थ सांगणं नसून ओळख पटवणं हे असतं. मिरजेला १८९४ साली वानलेस हॉस्पिटल सुरू झालं, आणि मिरजेच्या दवाखान्यांत बेळगाव-विजापूरकडून रुग्ण येतात. एकाच बाकावर मराठी, कानडी आणि हिंदी बोलणारे बसलेले असतात. तिथे तिघांच्याही कागदावर एकच नाव असलं तर औषधाच्या दुकानापर्यंत गोंधळ होत नाही. (लिहिताना 'गाउट', 'आउट'सारखं. 'गाऊट' लिहिणारेही पुष्कळ आहेत, त्यांच्याशी मी भांडणार नाही.)

याच दुखण्याचं ग्रीक नाव 'पोडाग्रा'. पाय अधिक पकड. ते वाचलं तेव्हा मला आजोळची भाषाच आठवली. 'कंबर धरली', 'मान धरली', 'पाय धरला'. जे ग्रीकांना सुचलं ते आपण रोज बोलतो. आजही डॉक्टर पोडाग्रा म्हणतात ते फक्त पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या सांध्यात गाउट उठला तर.

आता शेजाऱ्यांचं वाक्य घेऊ. 'शुगर झालीय', 'बीपी झालंय', तसंच 'युरिक ॲसिड झालंय'. मोजायच्या वस्तूलाच आजार करून टाकायचा, ही आपली हल्लीची लकब. ती इथे दोनदा घात करते.

एक म्हणजे, रक्तात हा पदार्थ प्रत्येकाच्याच असतो. तो वाढलेला असणं ही एक स्थिती आहे आणि गाउट हा आजार आहे. वाढलेल्यांपैकी बहुतेकांना गाउट कधीच होत नाही. उलट ऐन दुखण्यात रक्त तपासलं तर आकडा कधीकधी नेहमीचा येतो. मग घरात निकाल लागतो, 'युरिक ॲसिड नाही, म्हणजे ते नाही', आणि माणूस गुडघ्याचं तेल अंगठ्याला चोळत बसतो.

दुसरं, 'ॲसिड' म्हटलं की आपल्याला पित्त आणि आंबट आठवतं. चिंच बंद, ताक बंद, लिंबू बंद. वास्तविक रक्तात हा पदार्थ जवळजवळ सगळा 'युरेट' या क्षाराच्या रूपातच असतो. गाउटवर काम करणारा संशोधकांचा 'जी-कॅन' नावाचा आंतरराष्ट्रीय गट आहे. त्यांनी २०१९ साली या आजारातल्या ११ मूलभूत गोष्टींची नावं आणि व्याख्या सहमतीने ठरवल्या. त्या यादीत 'युरिक ॲसिड' नाही, 'युरेट' आहे. आपणही 'रक्तातलं युरेट वाढलंय' असं म्हणायला लागलो तर चिंचेचा प्रश्नच मिटेल.

क्षार म्हणजे काय हे कृष्णाकाठच्या माणसाला शिकवावं लागत नाही. उसाला पाणी देत राहायचं, जमिनीचा निचरा नाही, मग क्षार वर येतो आणि रान पांढरं पडतं. क्षारपड. सांध्यात तेच होतं. रक्तात युरेट विरघळून राहण्याची मर्यादा डेसिलिटरमागे साधारण ६.८ मिलिग्रॅम. त्याच्या वर ते फार काळ राहिलं की सांध्यात सुईसारखे स्फटिक धरायला लागतात. आणि बहुतेकांच्या बाबतीत मूळ दोष निचऱ्याचाच असतो, मूत्रपिंडं युरेट पुरेसं बाहेर टाकत नाहीत. त्यात घराण्याचा वाटाही मोठा. म्हणून 'मटण खाल्लं, भोग आता' असं आजारी माणसाला सुनावणं मला पटत नाही. 'आढ्यवात' या नावातला ठपका आपण शब्द सोडला तरी सोडलेला नाही.

'जी-कॅन'ने आणखी एक चांगलं केलं. 'गाउट अटॅक' ऐवजी 'गाउट फ्लेअर' हे नाव स्वीकारलं. मराठीत तर याची जास्तच गरज आहे. "आबांना अटॅक आला" असा फोन आला की घरातली माणसं गाडी काढतात! 'झटका' म्हणावं तर तोही हृदयविकाराचा नाहीतर लकव्याचा. मला 'भडका' हा शब्द योग्य वाटतो. काही तासांत वाढणारी आग, लाली, चादरीचा स्पर्श सहन न होणं, एका दिवसाच्या आत कळस आणि आठवड्या-दोन आठवड्यांत शमणं, हे सगळं त्यात आहे. क्रियापद मात्र आपलं जुनंच घ्यावं, 'दुखण्यानं उचल खाल्ली'. त्यात दुखणं आधीपासून आत होतं हे आपोआप येतं. नाम म्हणून 'उचल' आमच्या जिल्ह्यात चालणार नाही, कारण 'पहिली उचल' म्हटलं की सांगली-साताऱ्यात उसाचा हप्ताच समोर येतो.

दोन भडक्यांमधला जो काळ, त्यासाठी मराठीत सोन्यासारखा शब्द तयार आहे: 'उतार'. 'उतार पडला' आणि 'बरा झाला' यांतला फरक आपल्या आज्यांना पक्का ठाऊक होता. गाउट शमतो तेव्हा उतार पडलेला असतो. स्फटिक सांध्यातच असतात. पण आपण 'बरं वाटतंय' वरून 'बरा झालो'वर फार पटकन जातो आणि युरेट कमी ठेवणारी रोजची गोळी बंद करतो.

'क्रॉनिक'चं भाषांतर 'जुनाट' करू नये. नुसतं 'क्रॉनिक गाउट' म्हटलं तर आजार जुना आहे की सांधा सतत सुजलेला आहे ते कळत नाही. 'जी-कॅन'च्या यादीतही 'क्रॉनिक गाउटी आर्थ्रायटिस' असं पूर्ण नाव आहे. आपण 'धुमसता सांधा' म्हणू शकतो. भडक्याशी त्याचं नातंही जुळतं.

राहिला 'टोफस'. कानाच्या पाळीवर, कोपरावर, बोटांवर युरेट साठून होणारा टणक उंचवटा. मूळ लॅटिन शब्द सच्छिद्र दगडाचा. इथे मला अजून समाधानकारक शब्द मिळालेला नाही. नुसतं 'गाठ' म्हटलं की घरात कॅन्सरची भीती शिरते. आतला पदार्थ खडूसारखा पांढरा म्हणून 'चुनगाठ' सुचली होती, पण चुना म्हणजे कॅल्शियम, आणि लोक दूध बंद करतील. तूर्त 'युरेटची गाठ' म्हणावं. लांब आहे, पण खोटं नाही.

जाता जाता एक. गाउटच्या भडक्यावर देतात त्या कोल्चिसिनचा अंश आपल्या सह्याद्रीत पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीतही असतो. प्रसूतीच्या कळा लावणारी म्हणून कळलावी. तिचा कंद जहाल विषारी आहे, कुणी उकरून घरी आणू नये. पण कळ लावणारीच्या पोटात कळ शमवणारं द्रव्य असावं, हे कळल्यापासून मला त्या लाल-पिवळ्या फुलाकडे पाहिल्यावर थांबावंसं वाटतं.

तर ताई, वडिलांच्या वहीत असं लिहून ठेवा: 'गाउट. उजव्या पायाच्या अंगठ्याला पहिला भडका, तारीख अमुक. उतार पडला, तारीख अमुक. रक्तातलं युरेट इतकं. गाठी नाहीत.' वैद्यांच्या चिठ्ठीवरचं 'वातरक्त' त्यांच्या चिठ्ठीवरच राहू द्या. आजींना मात्र 'संधिवात' म्हणू द्या. त्यांना दुखतंय एवढं सांगायचंय, आणि ते त्यात नीट पोचतं.