चाकरमान्यांना गावाने खरंच वेशीवर अडवलं होतं का?

२०२० साली कोरोनात कोकणातल्या गावांनी मुंबईहून आलेल्या आपल्याच माणसांना अडवलं हे खरं का, आणि तो दुरावा अजून आहे का, असं तुम्ही विचारलंत. अडवलं, हे खरं. दापोली तालुक्यातल्या आमच्या गावच्या ग्रामकृती दलात मी होतो (सरपंच, पोलीस पाटील, ग्रामसेवक, आशाताई आणि माझ्यासारखे दोन-चार रिकामे), म्हणून जरा सविस्तर लिहितो.

त्या वर्षी शिमग्याला चाकरमानी नेहमीसारखे आले, पालख्या नाचल्या. मग मार्चमध्येच रत्नागिरी जिल्ह्यातला कोरोनाचा पहिला रुग्ण सापडला, दुबईहून गुहागर तालुक्यात आलेला. २५ मार्चला, ऐन गुढीपाडव्याला, देश बंद. मुंबईत दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं, संडास सार्वजनिक, पगार थांबलेला. माणूस गावाकडे निघणारच. ई-पास (प्रवासाचा सरकारी परवाना) मिळाला तो गाडीने आला, नाही मिळाला तो कोकण रेल्वेच्या रुळांवरून चालत. जिल्ह्याच्या हद्दीवर कशेडी घाटात तपासणी होती, पण आडवाटा काय कमी आहेत?

इकडे वाडीत उरलेले बहुतेक साठीपुढचे. व्हेंटिलेटर जिल्ह्याच्या ठिकाणी, आणि सुरुवातीला स्वॅब तपासायला पार मिरजेला जायचा. बैठकीत ‘मुंबईकर नकोत’ असं म्हणणारे होतेच, पण जास्त वेळ जायचा तो म्हातारीला रात्री दम लागला तर गाडी कोण काढणार यावर. शेवटी आलेल्यांना चौदा दिवस शाळेत ठेवायचं ठरलं. खरी भांडणं त्यानंतरची: शाळेच्या संडासाला पाणी कोण भरणार, डबा कोणाच्या घरून जाणार, विहिरीवर कोणी यायचं. आणि स्पष्टच सांगतो, काही घरांत रोग हे निमित्त होतं. सामाईक घराच्या वाटणीवरून ज्यांचं आधीच कोर्टात चाललं होतं, त्यांना भावाला दाराबाहेर ठेवायला सरकारी कारण मिळालं. बातम्यांत हे कधी आलं नाही.

३ जूनला निसर्ग वादळ आलं आणि दापोली-मंडणगडात कौलं, पत्रे, माडपोफळी सगळं आडवं झालं. ज्या शाळांत माणसं ठेवायची त्यांचीच छपरं उडाली. मग कसलं विलगीकरण? काल ज्यांना वेशीवर थांबवलं होतं, तेच छपरावर चढून कौलं लावत होते. गणपतीला (२२ ऑगस्ट) सरकारने दहा दिवस विलगीकरणाचा नियम केला आणि १२ तारखेनंतर येणाऱ्याला चाचणी सक्तीची केली, पण तोवर गावातला जोर ओसरला होता.

लोक आजही २०२० च्याच गोष्टी सांगतात, मला ते पटत नाही. कोकणाला खरा मार बसला २०२१ मध्ये, आणि तेव्हा वेशीवर कोणीच नव्हतं. त्या जूनमध्ये राज्याने निर्बंधांचे पाच स्तर केले, पाचवा सगळ्यात कडक, त्यात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग चौथ्यात होते. संगमेश्वरात डेल्टा प्लस या कोरोनाच्या नव्या प्रकाराचे रुग्ण निघाले. २२ जुलैला चिपळूण बुडालं, वीज गेली, आणि तिथल्या कोविड रुग्णालयातले व्हेंटिलेटरवरचे रुग्ण दगावले. रोग आणि पूर एकाच दिवशी पेलायची तयारी कोणाचीच नव्हती. लसीचं तर विचारूच नका. कोविनवर नोंदणी करायला रेंजसाठी सड्यावर (वरच्या कातळपठारावर) जावं लागे, तोवर शहरातल्यांनी आमच्या केंद्रावरचे स्लॉट घेतलेले असत. ते गाडीने येत, टोचून घेत आणि परत जात. त्या वर्षी गावाला मुंबईकरांचा राग आला असेल तर तो या स्लॉटवरून.

आता दुराव्याचं. ज्यांचं घराच्या वाटणीवरून चाललं होतं त्यांचं अजून चालूच आहे, तारखा पडतायत. बाकीचे शिमग्याला, गणपतीला पूर्वीसारखेच येतात, आणि शाळेत चौदा दिवस कसे काढले ते आता तेच जास्त रंगवून सांगतात.