घटपर्णीची पानं लाल पडली, खत सोडू का? (कृषी सल्ला)

या आठवड्यात घटपर्णीवर म्हणजे नेपेंथिसवर, पानाच्या टोकाला लागणाऱ्या सुरईसारख्या पिशवीत किडे पकडणाऱ्या झाडावर, दोन प्रश्न आलेत. सिंधुदुर्गातले एक नर्सरीवाले दादा विचारतात, "साहेब, एप्रिलमध्ये हँगिंग बास्केट शेडमधून बाहेर काढून टांगल्या, आता पानं तांबूस लाल झालीत, खतवाला म्हणतो स्फुरद (फॉस्फरस) कमी पडलंय, १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत) सोडू का?" आणि ठाण्याच्या एक ताई लिहितात की बाल्कनीतलं झाड हिरवंगार आहे, पानं हातभर वाढलीत पण सुरई एकपण लागत नाही.

दादा, आधी ते खत बाजूला ठेवा. मक्यात स्फुरद कमी पडलं की पान जांभळं पडतं हे खरं आहे, त्यामुळे खतवाल्याचा गोंधळ झाला असणार, पण हे झाड वेगळं आहे. रानात ते अगदी निकस मातीत वाढतं आणि नत्र (नायट्रोजन) वगैरे सुरईत पडलेल्या किड्यांतून घेतं, त्याच्या मुळाला पिकासारखं खत दिलं तर मुळं जळतात आणि झाड हातचं जातं. तुमच्याकडे जो लाल रंग आलाय तो उन्हाचा आहे. उजेड वाढला की पानात अँथोसायनिन नावाचं लाल रंगद्रव्य तयार होतं, उन्हात राबणाऱ्या माणसाची कातडी रापते ना तसंच, जास्तीचं ऊन अडवून ते आतलं हरितद्रव्य वाचवतं. थंडीतही, रात्र गार आणि दिवसा कडक ऊन असलं की हा रंग आणखी गडद होतो.

खात्री करायची तर एक काम करा, जिथं एका पानावर दुसरं पान टेकलंय तिथलं वरचं पान हळूच उचलून बघा. खालच्या पानावर सावलीचा हिरवा ठसा जसाच्या तसा दिसला आणि बाजूचं सगळं लाल असेल तर तो उजेडाचाच परिणाम, कारण अन्नद्रव्य कमी पडलं असतं तर रंग असा सावली बघून बदलला नसता. पानाची खालची बाजूपण बघा, ती बहुतेक हिरवीच असेल.

थोडी लाली वाईट नाही हे मी मुद्दाम सांगतो, कारण लोक उगाच घाबरतात. पोपटी पान, कडेला किंवा मधल्या शिरेवर तांबूस झाक आणि सुरईला चांगला रंग, हा उजेड बरोबर असल्याचा पुरावा आहे. पण अख्खं पान लालभडक, नवीन पान आधीच्यापेक्षा लहान, सुरई खुजी, मग पिवळेपणा आणि शेवटी सुकलेले तपकिरी चट्टे, असं व्हायला लागलं की ऊन झेपत नाहीये. चट्टा पडला तो परत हिरवा होत नाही, त्यावर औषध मारून काही उपयोग नाही. आत्ता ५० टक्क्यांची, म्हणजे अर्धं ऊन अडवणारी शेडनेट लावा, सकाळचं कोवळं ऊन चालेल, दुपारचं अजिबात नको. आणि शेडमधलं झाड एकदम उन्हात काढू नका, दोन-तीन आठवडे घेऊन हळूहळू सरकवा.

ताई, तुमच्या झाडाला उजेड कमी पडतोय. गडद हिरवं, लांब, लोंबतं पान म्हणजे झाड मिळेल तेवढा उजेड गोळा करायला पान पसरतंय, आणि सुरई हा पानाच्याच टोकाचा भाग असल्यानं ती बनवायला ताकद उरत नाही, टोकाला नुसता तंतू राहतो. झाड पूर्वेच्या ग्रिलला टांगा, ते जमत नसेल तर एलईडी ग्रोलाईट रोज १२ तास. मात्र पान पोपटी आणि उजेड भरपूर असूनही टोकाची बारीक सुरई सुकून जात असेल तर मग हवेतला दमटपणा कमी आहे, तो वेगळा विषय. पाणी दोघांनीही पावसाचं किंवा आरओचं वापरा, बोअरचं क्षारवालं नको.

जातीप्रमाणे फरक पडतो हेही लक्षात घ्या. नर्सरीत सर्रास मिळणारी व्हेंट्राटा बऱ्यापैकी ऊन सोसते, अँप्युलारिया सावलीतली आहे. आपल्या देशात रानात एकच जात आहे, खासियाना, मेघालयातल्या गारो, खासी, जैंतिया टेकड्यांवरची, आणि ती कायद्यानं संरक्षित आहे म्हणून जंगलातून काढलेलं रोप कुणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका.

दादा, जूनमध्ये आभाळ भरून आलं की तीच शेडनेट काढून टाका, नाहीतर कोकणच्या पावसाळ्यात तुमची झाडंही ताईंच्या झाडासारखी गडद हिरवी आणि बिनसुरईची होतील, फक्त उघडीप मिळून कडक ऊन पडलं तर दुपारपुरती परत ओढा. फरक जुन्या पानांवर शोधू नका, नवीन येणारी दोन पानं काय रंगाची निघतात ते बघा, आणि तेव्हा दिवसाच्या उजेडात दोन्ही बाजूंचे फोटो पाठवा, फ्लॅश बंद ठेवून.